गुंड्याचे उपास

विश्रांतवाडी,
गुरुवार (म्हणजे घरात उपास)

आदरणीय तात्याराव यांना,

श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर, प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतील). आम्ही उभयता बरे आहोत. तुमची तब्येत फोनवर विचारली की तुम्ही "ठीक" म्हणता आणि फोन ठेवून देता, म्हणून हे पत्र. तुम्ही शेजारची 'ब' इमारत सोडून खराडीला आमोदकडे राहायला गेलात, त्याला दिवाळी उलटून आता उन्हाळा लागला. अकरावा मजला मानवला असेल, वारा चांगला येत असेल, सूनबाई काळजी घेत असतील, याबद्दल शंका नाही. इकडे सोसायटीत सगळं होतं तसंच आहे, म्हणजे पाण्याची मोटर बिघडलेली आहे आणि मीटिंग पुढे ढकललेली आहे. फक्त आमच्या गुंड्याचं तेवढं बरं नाही. ते सविस्तर लिहितो.

गुंड्या जाड झाला आहे. हे पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या लक्षात आलं, कारण पुण्यात आपल्या घरातली गोष्ट नेहमी शेजाऱ्यांच्याच आधी लक्षात येते. मी मानायला तयार नव्हतो. मग त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो, नंतर एकटा उभा राहिलो, आणि वजाबाकी केली. आकडा पाहून जया म्हणाली की यातलं वाढलेलं निम्मं माझं आहे. यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता (त्या दोन दिवसांत गुंड्याला दोघांनीही वेगवेगळं जेवण घातलं, हे नंतर उघड झालं). शेवटी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर त्याला एकट्यालाच बसवला, तेव्हा मी निर्दोष सुटलो. रद्दीवाल्याने सवयीने भाव सांगितला, तो गुंड्याला आवडला नाही.

जनावरांच्या डॉक्टर मेहनाजबाईंनी त्याला तपासून खाणं कमी करायला सांगितलं. आता खाणं कमी करणं म्हणजे काय, यावर आमच्या घरात मतभेद. जयाचं म्हणणं, मुक्या जिवाला उपाशी ठेवणं पाप आहे. पण उपास करवणं हे पुण्य आहे. तेव्हा गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या गुंड्याने आमच्याबरोबर धरायच्या, असं ठरलं. मला ते पटलं (पटलं नसतं तरी तेच झालं असतं). तात्याराव, आपल्याकडे उपासाला काय काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, वर तूप. बटाट्याची भाजी. वरीचे तांदूळ. दाण्याची आमटी. इतर दिवशी पोळीच्या तुकड्यावर समाधान मानणारा हा कुत्रा शुक्रवारी सकाळपासून शनिवारची वाट पाहू लागला. त्यात कुत्रा उपास करतो ही बातमी सोसायटीभर गेली आणि खालच्या मजल्यावरच्या बायका त्याच्या पाया पडायच्या तेवढ्या राहिल्या. कुणी रताळ्याचा कीस आणून देई, कुणी राजगिऱ्याचा लाडू. एक आजी तर म्हणाल्या की मागच्या जन्मी हा नक्की कुणीतरी मोठा माणूस असणार. अंगाने तरी तो तसा दिसू लागलाच होता.

पुढच्या खेपेला मेहनाजबाईंनी वजन पाहिलं आणि विचारलं, याला घालता तरी काय? जया अभिमानाने म्हणाली, "काही नाही हो, याचे उपासच असतात." मग उपासाला काय, ते तिने सांगितलं. बाई आधी खूप हसल्या. निदान कांदा-लसूण तरी पोटात गेला नाही, कुत्र्यांना तो बाधतो, एवढंच त्यांना समाधान. मग हसणं थांबवून त्यांनी गुंड्याचे मागचे पाय हलवून दाखवले. सांध्यांवर फार भार येतो आहे. वजन उतरलं नाही आणि चालणं वाढलं नाही, तर हे पाय जातील, आणि एकदा गेले की परत येणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. आम्ही घरी आलो. आपल्या इमारतींना लिफ्ट नाही, आमचा दुसरा मजला. गुंड्या मधल्या वळणावर बसला आणि वर बघत राहिला. मी त्याला उचलून आणला. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून खिचडी बंद आहे. आता मोजून कोरडं खाणं आणि वर उकडलेला दुधी (दुधी पाहून तो माझ्याकडे असा बघतो, की मलाच अपराधी वाटतं). जयाने मन घट्ट केलं आहे. पण चालण्याचं काय करायचं? रोज सकाळी तुम्हीच त्याला आळंदी रस्त्यापर्यंत नेत होतात. मी फक्त पट्टा विकत आणला होता. आता मी नेतो, तर तो उत्साहाने खाली उतरतो, थेट 'ब' इमारतीकडे जातो आणि तुमच्या जिन्यापाशी बसतो. ओढला तर हलत नाही. बिस्किटाला बधत नाही (तेच बरं आहे). मागच्या फाटकाने नेला, तर सबंध वळसा घालून तिथेच. एकदा मी तुमची इथे राहिलेली कानटोपी घातली, तुमच्यासारखा दोनदा खाकरलो आणि "चला सरकार" म्हणालो. त्याने टोपी हुंगली, शेपूट हलवली, मग वर माझं तोंड पाहिलं आणि मान फिरवली. एवढा अपमान माझा ऑफिसातही कधी झाला नव्हता. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाकडे तो मान वर करून पाहतो. ऊन अंगावर आलं तरी उठत नाही. मग मी त्याला उचलतो आणि आम्ही दोघं धापा टाकत घरी येतो.

असो. पत्र लांबलं. अस्मिता-आमोदला आशीर्वाद. जयाचा तुम्हाला नमस्कार.

तुमचा,
श्यामसुंदर

ता. क. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

ता. क. दुसरा : परवा आमोदचा फोन आला होता. म्हणत होता, बाबा घर सोडून कुठेही जात नाहीत, दिवसभर खिडकीशी बसून असतात, वजन वाढलंय, साखर वाढलीय, आणि अस्मिताने दुधी केला की तिच्याकडे बघत राहतात. कसं बघत असाल ते मला कळलं.

ता. क. तिसरा : रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने खराडीला येतो आहोत. गुंड्या काही लिफ्टमध्ये पाऊल टाकणार नाही, तेव्हा उतरावं तुम्हालाच लागेल. कानटोपी आणतो. तो खाली फाटकापाशी बसेल, आणि तो किती वेळ बसू शकतो ते वर लिहिलंच आहे.