शब्द क्रमांक तीनशे बारा

४ जून

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन आठवड्यांनी आलं, म्हणजे टोपणनाव सार्थ आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासताना दोन ओळी खरडल्या तर काय हात झडतात?

शब्द क्रमांक तीनशे बारा: लुसिड. ज्याचं डोकं स्वच्छ चालतं, ज्याच्या एका विचारातून दुसरा सरळ निघतो आणि वाटेत कुठे गाळ नसतो, तो माणूस लुसिड. म्हणजे आमचा मॅनेजर सोडून कुणीही. नेहमीप्रमाणे तीन वाक्यं करून पाठव.

शब्द डॉक्टरांचा आहे. मी आज लुसिड आहे म्हणाले. पुढे काही बदललं तर ते घरच्यांना आधी कळेल. डोकं तपासून घेतलं ते कशासाठी, तर पुढच्या महिन्यात आमच्या कारखान्यातल्या बॉयलरच्या स्फोटाची चौकशी आहे. सात माणसं भाजून मेली आणि कंपनी म्हणते, भट्टी सांभाळणाऱ्या, पाळीवरच्या फायरमनने बॉयलरमधलं पाणी बघितलं नाही. मेलेल्यावर ढकलणं किती सोयीचं! सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय हे मी मॅनेजरला त्याच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं. ऑर्डर पुरी होईस्तोवर चालवा, असं त्याने सांगितलं. तेव्हा शेजारी तो फायरमन होता. तो गेला, उरलो मी एकटा. आता त्यांचा वकील पसरवतोय की म्हातारा भ्रमिष्ट झालाय.

आपल्या वकीलबाईंचं म्हणणं, जराही शंका असेल तर जबानी आत्ताच घरी लिहून घेऊ. पण तीस वर्षं गेटवर कामगारांच्या सभेत बोललेला माणूस मी; त्या मॅनेजरच्या डोळ्यांत बघून बोलायचंय मला. निवाडा तुझ्यावर सोडतो. एकदा दिलेला शब्द पुन्हा द्यायचा नाही, हा आपला नियम तू सहावीत होतीस तेव्हाचा. माझी चूक सापडली की पकड. दया करायची नाही.

पत्र लवकर धाड, माया आहे तेवढी राहू दे.
तुझा दादा


११ जून

ती. दादास,
शि. सा. न.

घे वाक्यं. आमच्या दुकानाचे मालक चहा पिण्याआधी लुसिड नसतात. दादा रागावतो तेव्हाही लुसिड असतो, म्हणून त्याची भीती वाटते. चौकशीत लुसिड माणसाचं ऐकतील, अशी आशा आहे.

तुझ्या पत्रात चूक शोधायला मी दोन चष्मे लावले. सापडली नाही. गोळ्या वेळेवर घे. मुलांचा नमस्कार.

रागावलास तरी आपलीच समज.
तुझी गोगलगाय


२० जून

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. वकीलबाई येऊन गेल्या, घरी जबानी घ्यायची तर याच आठवड्यात, म्हणाल्या. तुझं काय मत?

शब्द क्रमांक तीनशे बारा: लुसिड. ज्याचं डोकं स्वच्छ चालतं, ज्याच्या एका विचारातून दुसरा सरळ निघतो आणि वाटेत कुठे गाळ नसतो, तो माणूस लुसिड. म्हणजे आमचा मॅनेजर सोडून कुणीही. तीन वाक्यं पाठव. चूक दिसली तर पकड.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा दादा


२४ जून

ती. दादास,
शि. सा. न.

छान शब्द दिलास, नवीनच. घे वाक्यं. लुसिड माणसाला झोप कमी लागते. आमची आई शेवटपर्यंत लुसिड होती. माझा दादा लुसिड आहे.

चूक एकही नाही. तू चौकशीच्या हॉलमध्येच बोल. तुझ्यासारखं कोण बोलणार?

तुझी गोगलगाय


१९ जुलै

चि. गोगलगायीस,

आज डोकं ठिकाणावर आहे, म्हणून आजच लिहितो.

मी उभा राहिलो. फायरमनची बायको पहिल्या रांगेत होती. पहिली पाच मिनिटं हॉल माझा होता. मॅनेजरने मान खाली घातली, हे मी पाहिलं. मग व्हॉल्व्हपाशी आलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो. तेच शब्द, तेच हातवारे. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या वकिलाने आडवा प्रश्न एकही विचारला नाही. बोला काका, बोला, एवढंच म्हणत राहिला, आणि मागे लोक हसत होते. शेवटी त्या बाईनेच उठून मला हाताला धरून खाली बसवलं. ज्याच्यासाठी बोलायला गेलो, त्याच्या बायकोने! हे सगळं मला वकीलबाईंनी सांगितलं. मला आठवतात ती पहिली पाच मिनिटं. जबानी बाद झाली. दोष फायरमनच्या माथी कायमचा बसला.

घरी येऊन पत्रांची फाइल काढली. लुसिडवर तुझी दोन पत्रं आहेत. सहा वाक्यं.

म्हणजे तुला कळलं होतं. जूनमध्ये मला सांगितलं असतंस तर एखाद्या चांगल्या सकाळी मी ते सगळं लिहून, सही करून दिलं असतं. सात माणसांचा तो एवढाच आवाज होता, आणि तू माझं मन राखलंस! मी तुला शब्द शिकवले ते कशासाठी? गोड बोलायला?

दादा


२६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

कळलं होतं. ते पत्र हातात धरून मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. चूक पकडली तर ती खरी होईल, असं वाटलं. तू शिकवलेल्या तीनशे बारा शब्दांत हे सांगायला एकही सापडला नाही.

फायरमनच्या बायकोला मी पत्र लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. यायचं कारणही नाही.

तू मात्र लिही. शिव्या लिही, पण लिही.
तुझी गोगलगाय


५ ऑगस्ट

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही, म्हणजे टोपणनाव सार्थ आहे.

शब्द क्रमांक तीनशे बारा: लुसिड. ज्याचं डोकं स्वच्छ चालतं, ज्याच्या एका विचारातून दुसरा सरळ निघतो आणि वाटेत कुठे गाळ नसतो, तो माणूस लुसिड. म्हणजे आमचा मॅनेजर सोडून कुणीही. तीन वाक्यं पाठव.

पुढच्या महिन्यात बॉयलरची चौकशी आहे. भाषण तयार आहे. फायरमनच्या बायकोला मी सांगून ठेवलंय, काळजी करू नका, मी आहे. तरी निवाडा तुझ्यावर सोडतो. चूक सापडली तर पकड. नाही सापडली तर तसं कळव, म्हणजे मी जायला मोकळा.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा दादा