वायरलेसवर बोललेलं

११ मार्च
मोहाची फुलं गळायला लागली. आता ती वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवणार, आणि आग जंगलात पळणार. आम्हा वनरक्षकांच्या दिवसभर वायरलेस कानाशी. कोणी धूर कळवला की आमच्या राऊंडचे, म्हणजे सगळ्या बीटांचे वनपाल मडावी साहेब म्हणतात, "कळवलं बरं केलं. कुठी?" धूर खोटा निघाला तरी आवाज तोच. मला असं बोलता यायला हवं. शिकणारच.

१४ मार्च
माझ्या बीटवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलात, आगीवर नजर ठेवणारे फायर वॉचर सोमाजीभाऊ. त्यांनी टेकडीमागं धूर कळवला. मी माणसं घेऊन भर उन्हात धावले. बघते तर गुराख्याने चहा ठेवलेला! मी वायरलेसवरच भडकले. "डोळे घरी ठेवून आले का भाऊ?" साऱ्या बीटांनी ऐकलं. कोणीतरी हसलंही. भाऊ नुसतं "बरं मॅडम" म्हणाले.

१७ मार्च
सोमाजीभाऊंच्या भागात आग. आम्हाला कळलं ते मूल गावच्या रस्त्यावरून धूर दिसला तेव्हा. बांबूचा अख्खा तुकडा गेला. हिरव्या फांद्यांनी आग झोडपून हात सोलले.
भाऊंना विचारलं, वेळेवर का नाही सांगितलं?
"धूर पातळ होता मॅडम. म्हटलं, आधी पाहून येतो. पुन्हा हसू नाई करून घ्याचं मले."
नंतर साहेबांना एकट्याला गाठून म्हटलं, माणूस बदलून द्या.
"देतो नं. पण नवा बी तुमचंच बोलणं ऐकल."
राग आला.

१८ मार्च
भाऊंच्या घरी जाऊन माफी मागते, असं साहेबांना सांगितलं. "जा. चहा पाजतीन. पण बोलल्या कुठी होत्या तुम्ही?"
साऱ्या राऊंडला ऐकू जाईल असं बोलायचं? मग उद्या माझं कोण ऐकेल? पण बोलणार.

१९ मार्च
सकाळच्या हजेरीला सगळे वायरलेसवर असताना मी बोलले. "सोमाजीभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते चुकलं. चहाचा धूर असला तरी सांगत जा."
पलीकडून खरखर. मग भाऊंचं "हजर." बस्स.
लाज वाटली. शब्द मात्र परत घेणार नाही.

२१ मार्च
दुपारी ऑफिसात होते. वायरलेसवर भाऊ. "मडावी साहेब, सोमाजी बोलून राह्यलो." मला नाही, थेट साहेबांना. साहेब समोरच बसलेले, बटण दाबेनात. भाऊंनी पुन्हा साहेबांनाच हाक मारली. साहेबांनी वायरलेस माझ्याकडे सरकवला.
"बोला भाऊ, मी ऐकून राह्यली."
बटण दाबल्याचा, सोडल्याचा आवाज. पुन्हा दाबल्याचा.
"नाल्याच्या वरतं काईतरी दिसते मॅडम. धूर आहे का धूळ, नक्की नाई सांगत."
मी निघाले. धूळच निघाली, ट्रॅक्टरची. जीभ वळवळली, पण आवरली. म्हटलं, "चला भाऊ, पाणी पिऊ." भाऊ प्याले. परतताना माझ्यापुढं चालत होते. पुढचा धूर दिसला की भाऊ कोणाला हाक मारतात, साहेबांना का मला, बघायचं.