ओपनर माझ्या हातात राहणार नाही

७ सप्टेंबर, शनिवार
बैठक मेव्हण्याकडे. नेहमीचे चौघे: मी, मेव्हणा, डेंटिस्ट आणि माझ्या ऑफिसातला मित्र, ज्याला सगळे बोका म्हणतात. प्रत्येकाने आवडीची नवी बिअर मोज्यात घालून आणायची, म्हणजे लेबल दिसत नाही. मोजे धुतलेले असावेत हा नियम बोक्यामुळे करावा लागला. ज्याची बिअर ग्लासांत उरेल त्याच्या हाती ओपनर. म्हणजे पुढच्या बैठकीत त्याने बाटल्या उघडायच्या, ग्लास विसळायचे आणि मत द्यायचं नाही.
आज ओपनर माझ्याकडे आला. माझी धुरकट स्टाउट तिघांनी कुंडीत ओतली. कुंडीची तक्रार नव्हती.

८ सप्टेंबर
निश्चय. यापुढे बिअर स्वतः करणार. बायकोला योजना समजावून सांगितली. ती म्हणाली, बाथरूमची जाळी तुंबलीय, आधी प्लंबरला फोन करा. माणूस मोठं काही करायला निघाला की घरच्यांना जाळी आठवते.

१४ सप्टेंबर, शनिवार
ओपनर हातात, तोंड बंद. डेंटिस्टने मुद्दाम ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी पिवळ्या लेबलची बिअर आणली. तिघे मिटक्या मारत प्यायले. मी मत पेपर नॅपकिनवर लिहिलं, तर नॅपकिन काढून घेतला. इथे लिहितो: ही बोळ्याने दूध पिणाऱ्यांची बिअर आहे. हजार मोज्यांत लपवा, मी नुसत्या वासावर ओळखीन.

१५ सप्टेंबर
माल्ट उकळलं, हॉप्स घातले. यीस्ट घालण्याआधी मिश्रण पूर्ण थंड करा, असं पुस्तकात आहे. पुस्तकं घाबरट लोकांसाठी लिहितात. बादली निर्जंतुक करा, असंही आहे. मी विसळली. बादली बाथरूममध्ये ठेवली. घरातल्यांनी आंघोळ जपून करावी, अशी सूचना दिली.

१९ सप्टेंबर
बुडबुडे नाहीत. पुस्तकात बुडबुड्यांचं फार कौतुक आहे. माझ्या बिअरचा स्वभाव शांत आहे.

२९ सप्टेंबर
तारेच्या झाकणांच्या बाटल्यांत भरली. रंग तांदळाच्या धुवणासारखा. वास परिपक्व. बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं. प्रसिद्धी सुरू झाली म्हणायची.

३ ऑक्टोबर
चमत्कार. सकाळी गढूळ असलेल्या बाटल्या संध्याकाळी ऑफिसातून येईपर्यंत सोन्यासारख्या लखलखीत. यालाच मुरणं म्हणतात. मेव्हणा आलेला होता. भर कामाच्या दिवशी, काखेत रिकामा खोका घेऊन. मला बघून जिना उतरला. जळतो.
शिवाय बाथरूमचं पाणी सरसर जातंय. गेल्या आठवड्यात मी जाळीत हँगर घालून ढवळलं होतं, त्याचा गुण आज आला. प्लंबरचे पैसे वाचवले, पण आभार मानणार कोण?

५ ऑक्टोबर, शनिवार
विजय! माझ्या ग्लासांत थेंब उरला नाही. डेंटिस्टने दुसऱ्यांदा मागितली. ओपनर बोक्याकडे गेला. मी मध, ताजी पोळलेली पावाची कड आणि शेवटी येणारा कडवट समजूतदारपणा यांवर थोडंसं बोललो. बोका झोपला. पुढच्या वेळी त्याला तसंही बोलायची बंदी आहे. मेव्हणा माझ्याकडे एकदाही बघत नव्हता.

६ ऑक्टोबर
नोकरीच्या राजीनाम्याचा मसुदा केला. भाषा जरा कडक झाली आहे, तशीच ठेवतो.
बायको दोनदा म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, नवरा-बायकोत कौतुक बोलून दाखवायची गरज नसते. तिने कपाळाला हात लावला. भरून आलं असणार.

१० ऑक्टोबर
पलीकडच्या रस्त्यावर छोटी ब्रुअरी आहे. तिथल्या दाढीवाल्याला शनिवारी घरी बोलावलं. त्याने माझी बिअर त्याच्या टाकीत करावी, असा प्रस्ताव. बायको म्हणाली, नका बोलावू. मोठी उडी बघून बायका घाबरतात.

१२ ऑक्टोबर, शनिवार
शांतपणे लिहितो. आजची बैठक आमच्याकडे होती.
दाढीवाल्याने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, ही पिवळ्या लेबलची.
मी त्याचा अपमान केला नाही. स्वतः खाली जाऊन पिवळी बाटली आणली. डेंटिस्टने आतल्या खोलीत जाऊन एका मोज्यात ती आणि दुसऱ्यात माझी घातली. मी दोन्ही चाखल्या. डाव्या ग्लासात माझी सहा आठवड्यांची तपश्चर्या होती. हीच माझी, असं मी छातीठोकपणे सांगितलं. उजव्या ग्लासातली मी खिडकीतून फेकली.
मोजे काढले. डावीकडे पिवळं लेबल.
कुणी हसलं नाही. मेव्हणा छताकडे बघत राहिला. मी म्हटलं, मोजे बदलले आहेत. मग बायको दारातून म्हणाली, "अहो, दोन्ही पिवळ्याच आहेत. तुमची नासली होती. बाटल्यांत भरल्यावर तीन दिवसांतच कळलं."
मी विचारलं, मग सांगितलं का नाही?
"रोज उठून आधी त्या बाटल्यांकडे धावत होतात. मला नाही बघवलं."
मेव्हणा म्हणाला, "भावोजी, पिवळ्या बाटल्यांचा खोका मीच आणला. ताईने सांगितलं होतं."
तपश्चर्या चार आठवड्यांचीच होती, असंही बोक्याने बोलून दाखवलं. त्याला आज बंदी होती. नियम फक्त मलाच आहेत.

१३ ऑक्टोबर
राजीनामा फाडला. कागद वाईट होता.
ओपनर माझ्याकडे. मी स्वतः मागून घेतला, म्हणजे तो दिला असं होत नाही. दाढीवाल्याला एका घोटात कळलं ते केवळ त्याला पिवळी पिण्याची सवय आहे म्हणून. माझ्या मूळ बिअरबद्दल अजून कुणीही मत दिलेलं नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे. ती चाखल्याशिवाय वाईट कशी?
बायकोला विचारलं, सगळी ओतलीस कुठे? म्हणाली, बाथरूमच्या जाळीत.
मी हँगरचा विषय काढला नाही.
थोड्या वेळाने ती शेजारी येऊन बसली आणि मायेने म्हणाली, पुन्हा करा की. मला बरं वाटलं. शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस. मी विचारलं, खरंच करू?
"करा ना. स्वयंपाकघरातलं सिंकही तुंबलंय."