बुधवार, दुपारी तीन बारा

३ मार्च, सोमवार

दुकानातलं टेबल – फळ्यांना रंधा मीच मारला. पंख्याचं वाइंडिंग मीच भरलं. पाच मेलेल्या कॉम्प्युटरांतून उभा केलेला एक जिवंत, आणि बिघडलेल्या डिस्क वाचणारा हा पत्र्याचा डबा – सगळं याच दोन हातांचं. शिक्षण दहावी नापास. तेही गणितात! लिहून ठेवतो, कारण आज एका मोठ्या लेखकाने मला "अहो मेकॅनिक" अशी हाक मारली.

नऊ वर्षांची कादंबरी. फाइल एकच. प्रत? "कलावंत प्रती काढत बसत नाही." वा!

शेजारी त्याची बायको, ऑफिसातून तशीच आलेली, पर्स छातीशी धरून. नऊ वर्षं हा सांगतो, ती टाइप करते. गेल्या गुरुवारी फरशी पुसताना तिच्या हातून प्लग निघाला आणि फाइल गेली – हे त्याने तिच्यासमोर तीनदा सांगितलं. मीही सुनावलं, "बाई, चालू कॉम्प्युटरचा प्लग ओढतात का? मिक्सर आहे का तो?"

"चुकलंच माझं," म्हणाली. खाली बघून.

४ मार्च

माझ्याआधी हे शोरूमला जाऊन आलेत. तिथल्या इंजिनियरने "फाइलमध्ये कचरा आहे" असं लिहून दिलंय. सहीशिक्क्यानिशी! गाढवाला गुळाची चव काय. कचरा कसला, जुन्या फॉन्टातलं मराठी आहे ते. त्यात प्रत्येक मराठी अक्षरामागे एक इंग्रजी खूण असते. फॉन्ट उडाला की पानभर गिचमिड. छापखान्यात सहा वर्षं याच फॉन्टात पावत्या आणि हँडबिलं जुळवलीत मी. पदवीत हे शिकवत नाहीत.

५ मार्च

पहिली ओळ लागली. "तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही." बरी आहे.

६ मार्च, गुरुवार

कोणती खूण कोणत्या अक्षराची, याचा तक्ता हाताने केला. एकशे ब्याऐंशी खुणा. नुसत्या 'र'च्याच पाच तऱ्हा!

लेखकाचा फोन. "आज द्याच. उद्या प्रकाशकाला तोंड दाखवायचंय."

म्हटलं, "तोंड दाखवा. कादंबरी मागून दाखवा."

आमची ही म्हणाली, "अशाने गिऱ्हाईक टिकेल का?" न टिको. असलं गिऱ्हाईक आणि पायातला काटा – गेलेला बरा.

सहाला बाई आली. एक पान छापून हातात दिलं. वाचलं नाही तिने, बोटाने ओळी चाचपल्या. "हे मला ताप होता तेव्हाचं." मग म्हणाली, "आता दुसरी टायपिस्ट शोधतायत. माझ्या हातांवर भरवसा नाही म्हणतात."

८ मार्च, शनिवार

चारशे अकरा पानांतली चारशे सात निघाली!

पण एक गोष्ट. फाइल शेवटची कधी लिहिली गेली, ती वेळ मी नेहमी बघतो. इथे निघाली – बुधवार, दुपारी तीन वाजून बारा. प्लग निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. म्हणजे बाईने फरशी पुसली तेव्हा फाइल आधीच मेलेली होती! कुणीतरी ती नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली, गिचमिड दिसली, तशीच सेव्ह करायला घेतली आणि घाबरून मधेच कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

बाईला फोन केला. प्लगच्या आदल्या दिवशी, बुधवारी तीनला कुठे होतात? "ऑफिसात. का हो?" सहज, म्हटलं.

लेखकाला केला. त्या बुधवारी तीनला कॉम्प्युटरवर कोण होतं? फोन ठेवला त्याने.

वा रे कलावंत! खाऊन दुसऱ्याच्या तोंडाला खरकटं पुसणारा.

आणि मी? मिक्सरचं बोललो होतो. विचारलं नाही, तपासलं नाही, त्याच्या सुरात सूर मिळवला. तक्ता करून सुटण्यातलं नाही हे.

९ मार्च, रविवार

लेखक आला. एकटा. आज "साहेब" म्हणाला. "वेळेचं राहू द्या. प्लगमुळे गेली, एवढंच लिहून द्या. तिला आता त्याची सवय झालीय."

बिल बाईच्या नावाने फाडलं. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात वार, वेळ, सगळं लिहिलं. उद्या सहाला तिच्याच हातात देणार.

त्याने नोटा मोजून दाखवल्या आणि पाकीट टेबलावर ठेवलं. माझ्या टेबलावर! "उचला," म्हटलं.

उचललं त्याने. आत चाळीस हजार होते.