दत्ताच्या चार दिवसांची चौकशी

प्रिय दत्ता,

मागच्या आठवड्यात क्लासच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. "सर यंदा कधी येणार? खोली ठेवू ना?" मी विचारलं, कुठली खोली? तर म्हणाल्या, "अहो, समुद्राजवळची. दरवर्षी मे महिन्यात चार दिवस असतात ना ते." सर गेल्या श्रावणातच गेले, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो? "ठेवा खोली." आणि आता तुझ्याच खोलीत बसून तुला लिहितोय.

खरं सांगू? मी इथं तुझी आठवण काढून रडायला आलो नाही. चौकशी करायला आलोय.

वीस वर्षं आपण एकत्र क्लास चालवला. आमच्या बायंडिंगच्या दुकानावरचा हॉल माझा, फिजिक्स तुझं. भूकंपात तुझं गाव गेलं, आई गेली, धाकटा भाऊ गेला. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ष काढून तू लातूरला आलास. तुझी पहिली बारा पोरं आमच्या दुकानात कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून शिकली. पुढं बघता बघता गल्लीत क्लास, क्लासवर होस्टेल, होस्टेलखाली मेस! देगलूर-बिलोलीहून आईबाप पेट्या घेऊन उतरायला लागले. फिजिक्सचा एक सर फोडला की अख्खा क्लास फुटतो, हे लातुरात कुणाला ठाऊक नव्हतं? सर पळवायला लोक लग्नात गाठायचे, दवाखान्यात गाठायचे. मग दरवर्षी चार दिवस फोन बंद करून तू गायब होणार आणि मला शक येणार नाही?

परत आलास की मी विचारायचो, "काय केलंस चार दिवस?" तू घडाघडा म्हणून दाखवायचास. वाळूत चालायचं, शिंपले वेचायचे, शहाळं प्यायचं, किल्ला बघायचा, होडीतून डॉल्फिन बघायला जायचं. दरवर्षी तेच, त्याच क्रमानं!

"डॉल्फिन केवढा असतो रे?"

"म्हशीएवढा असंल."

असंल? तू बघितलास ना?

एका वर्षी तर कमाल केलीस. म्हणालास, समुद्रातून सूर्य उगवताना बघितला. आपल्या भूगोलाच्या मॅडमना चहाचा ठसका लागला. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो तो डोंगरामागून! मॅडम खूप हसल्या. मी नाही हसलो. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाची पूर्व-पश्चिम चुकते?

मी तुझं नाकही बघून ठेवलं होतं. मे महिन्यात चार दिवस समुद्रावर हिंडलेल्या माणसाचं नाक काळं पडायला नको? चपलेत वाळू नाही, कॉलरला घामाचा डाग नाही. उलट चेहरा असा तजेलदार की जावई दिवाळसण करून आलाय! असा माणूस एसीत बसून येतो, हे मी ताडलं. आणि एसी कुठं? नांदेडच्या त्या क्लासवाल्याच्या हाफिसात. तो तुझ्या मागं लागलाय हे आपल्या पानवाल्यालासुद्धा माहीत होतं.

वहिनींना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या की भाईजान. तेवढंच चार दिवस बरं वाटतं त्यान्ला." मला वाटलं, या पण सामील!

आता मागच्या मेचं सांगतो. तू इकडं निघालास आणि मी हैदराबादकडचा एक तरुण सर गुपचूप बोलावून घेतला. तुझ्या हॉलमध्ये, तुझ्या फळ्यावर, तुझ्याच पोरांपुढं त्याचा डेमो ठेवला. नेमका तू एक दिवस आधी परतलास. कुणाला काही न बोलता शेवटच्या बाकावर जाऊन बसलास. तास सुटल्यावर तू माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "चांगला शिकवतो गड्या. ठेवून घे त्याला."

ना चिडलास, ना भांडलास! अरे, दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास! मी काय अर्थ काढला ठाऊक आहे? बघा, गडी स्वतःहूनच जागा खाली करून राहिलाय, नांदेडचं पक्कं झालेलं दिसतंय. त्या दिवसापासून तुझ्याशी कामापुरतं बोललो. जून गेला, जुलै गेला. श्रावणात तुझं हृदय बंद पडलं आणि बोलायचं राहूनच गेलं.

तुझ्या मातीला तो नांदेडवाला आला होता. मी रडायचं सोडून तो कुणाशी बोलतो तेच बघत होतो. लाज वाटते लिहिताना. शेवटी त्याला बाजूला घेऊन विचारलंच, "तुमचं कुठवर आलं होतं?"

तो म्हणाला, "दोनदा विचारलं मी. दोन्ही टायमाला न्हाई म्हनले. कासीम एकटा पडंल म्हनले."

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. गेलेल्या माणसाबद्दल सगळेच गोड बोलतात, असं म्हणून सोडून दिलं.

तर काल इथं पोचलो आणि काकूंना, म्हणजे या घरच्या मालकीणबाईंना, तू गेल्याचं सांगितलं. त्यांनी आत जाऊन देवापाशी दिवा लावला. त्या थोड्या सावरल्यावर मी माझं काम सुरू केलं. "सरांना भेटायला कोण कोण यायचं?"

"कोण येणार? झोपलेल्या माणसाला कोण भेटायला येतं?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. तू यायचास, अंघोळ करायचास, वरणभात खायचास आणि ओसरीवरच्या खाटेवर आडवा व्हायचास. काकू जेवायला उठवायच्या, जेवून तू पुन्हा आडवा. दुपार असो, संध्याकाळ असो. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, कुणी आजारी माणूस आलाय, म्हणून त्यांनी डॉक्टरसुद्धा आणला! समुद्र पन्नास पावलांवर, आणि तुझे पाय एकदाही ओले झाले नाहीत. निघायच्या दिवशी मात्र कागद-पेन घेऊन बसायचास. "काकू, इथं आलेले लोक काय काय करतेत हो? तिकडं सांगावं लागतं." शिंपले, शहाळं, होडी, डॉल्फिन, सगळं काकूंनी सांगितलेलं! सूर्य तेवढा तुझा स्वतःचा.

म्हणजे तू खोटं बोलत होतास हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त कशाबद्दल, ते ओळखता आलं नाही.

काकूंनी तुला एकदा विचारलं होतं म्हणे, एवढी कसली हो झोप सर? तू म्हणालास, "आमच्याकडं भुईतून आवाज येतो का म्हणून रात्रभर कान लावून पडावं लागतं. इथं समुद्र गाजतच असतो. ऐकायचं कामच न्हाई."

दत्ता, वीस वर्षं? पहाटे पाचच्या बॅचला तुला एकदाही उशीर झाला नाही, हे मी प्रत्येक पालकाला छाती फुगवून सांगायचो. सरांची शिस्त, म्हणायचो. झोपतच नव्हतास तर उशीर कसा होणार! आणि तो हॉल दुसऱ्या मजल्यावर, वर स्लॅब. तू कायम दाराजवळ उभा राहून शिकवायचास. मी चिडवायचो, सरांना पळायची घाई! तू हसायचास. मला का सांगितलं नाहीस? मी हसलो असतो असं वाटलं? कदाचित हसलोही असतो.

हे सगळं ऐकून मी उठत होतो, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "कासीम म्हणजे तुम्हीच का?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "सर म्हणायचे, तिकडं कासीम आहे, माझ्या मागं सगळं सांभाळतो, म्हणून मी बिनघोर झोपतो."

सांभाळत होतो रे! तू इथं बिनघोर झोपला होतास आणि मी तिकडं तुझा खडू दुसऱ्याच्या हातात देत होतो.

वहिनींना माझ्या या करणीतलं काही माहीत नाही. तू त्यांना सांगितलं नसणार, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. त्या अजून मला तुझ्या सख्ख्या भावासारखं मानतात, प्रत्येक गोष्ट मला विचारून करतात. परवा लातूरला उतरलो की आधी त्यांच्याकडं जाईन आणि त्या डेमोचं, त्या दोन महिन्यांच्या अबोल्याचं, सगळं त्यांच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगेन. एक शब्दही झाकणार नाही. त्या म्हणतील, "भाईजान, आता या तुम्ही." मग मी उठेन आणि निघून येईन, पुन्हा बोलावणं येणार नाही हे समजून. पण सांगेन, हे माझं तुला वचन.

तुझा शक्की,
कासीम