आबांच्या आवाजाचा डबा

पुणे,
६ ऑगस्ट २०००

चि. उज्ज्वलास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आबांच्या घशातली गाठ कॅन्सरचीच निघाली आणि ऑपरेशनात आवाजाची पेटीच काढणार, हे दुकानात वाचलं आणि दुरुस्तीला उघडलेला कॉम्प्युटर तसाच सोडून बाहेर आलो. मालकाला सांगितलं, डोळ्यात कचरा गेलाय. एसटीडीवरून फोन लावणार होतो, पण आबाच बोलायला आले तर, म्हणून बूथवरूनच परत फिरलो.

तू त्यांचं बोलणं कॅसेटवर धरायला लागलीस, हे लई बरं केलंस. पण तुझा तो टेप म्हणजे उसाचा चरक आहे, पट्टी गिळतो. तुझ्या टायपिंग क्लासच्या कॉम्प्युटरचाही भरवसा नाही, पोरं गेम टाकून त्याला सारखं आजारी पाडतात. म्हणून मी एक वेगळा डबा बनवतोय. घरचा सर्व्हर म्हण. दुकानाच्या भंगारातून जुना फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर उचललाय, त्यात एक मोठी हार्डडिस्क बसवतो. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. फडताळात पडून राहील, वायरीनं तुझ्या कॉम्प्युटरला जोडलेला. कॅसेटवरचा आबांचा आवाज त्यात साठवायचा आणि हवा तेव्हा ऐकायचा.

नेकनूरची वीज तुला माहीतच आहे. म्हणून हा डबा छोट्या इन्व्हर्टरवर आणि जीपच्या जुन्या बॅटरीवर चालेल. बॅटरी पुरावी म्हणून पंखा काढून टाकला, समोरचा दिवाही काढला. डिस्क घरघरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. कंजूष म्हणून हसशील, हस. फक्त एक ध्यानात ठेव: चालू असताना त्याला हलवायचं नाही.

ती. आबांना आणि मायला साष्टांग नमस्कार सांग. तू स्वतः वेळेवर जेवत जा.

तुझा
अंगददादा


नेकनूर,
२ सप्टेंबर २०००

ती. दादास उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

सिदूमामानं डबा मांडीवर घेऊन आणला. एसटीत कुणाला टेकूसुद्धा दिलं नाही म्हणे. लावला, आणि चालतोय. इतका गप्प आहे की फडताळात कान घातल्याशिवाय कळत नाही. तुझा कंजूषपणा पहिल्यांदा कामी आला.

आबा आधी ऐकेनात. म्हणाले, मी काय पत्र्याशी बोलू व्हय? मग मी त्यांना शेळ्यांची नावं विचारली आणि गाडी सुटली. कुठली पाठ कुठल्या शेळीची, कुठल्या दुष्काळात तुला खांद्यावर घेऊन धारूरच्या बाजाराला गेले, सगळं निघालं. शेळ्यांना घालतात ती हाळी घातली तर मागच्या वाड्यातून शेळ्या ओरडायला लागल्या. तेही धरलंय.

डॉक्टरांनी बोलणं कमी ठेवायला सांगितलंय, म्हणून रोज थोडंच. एकच अडचण, माय. आबांनी एक म्हटलं की ती मधे दुरुस्ती करते. तो बाजार धारूरचा नव्हताच म्हणते. मग दोघं भांडतात.

तब्येत जप. इकडची आठवण येत असली तर पत्रात तसं लिहीत जा, मला बरं वाटतं.

तुझी
उज्ज्वला


पुणे,
१४ सप्टेंबर २०००

चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

मामाबरोबर पाठवलेली कॅसेट ऐकली. आबा बोलताहेत आणि त्यांच्यावरून माय बोलतेय, निम्मं कळत नाही. आवाज स्वच्छ पाहिजे, उज्ज्वला. दुसरी संधी नाही. मायला त्या वेळेपुरतं अंगणात बसव.

कॅसेटसाठी खर्च नको करू. एकदा डब्यात गेलं की कॅसेट मोकळी समज आणि क्लासला वापर.

दिवाळीआधी औरंगाबादला ऑपरेशन म्हणालीस. मला रजा मिळाली की थेट तिथंच येतो. तोवर आबांना सांभाळ.

तुझा
दादा


नेकनूर,
९ ऑक्टोबर २०००

ती. दादास शि. सा. नमस्कार.

खुशाली कशी लिहू? डबा गेला.

खंडेनवमीला माय दरवर्षी हत्यारं मांडते, कोयता, कुऱ्हाड, आबांची शेळ्या वळायची काठी. यंदा तिच्या मनात आलं, आबांचा आवाज सांभाळतो त्यालाही हळदकुंकू लावावं. मी झेंडू आणायला गेले होते. आवाज नाही, दिवा नाही, म्हणून डबा बंदच आहे असं ती समजली. उचलताना वायर ताणली, डबा हातातून सुटला आणि पाटाच्या कडेवर आदळला. मी आले तेव्हा आतून कटकट ऐकू येत होतं आणि माय हरखून मला सांगत होती की पूजा केली तसा बोलायला लागला बघ.

तेव्हापासून तो उघडत नाही. आणि कॅसेटी, दादा, तू म्हणालास तशा मी मोकळ्या केल्या. शॉर्टहँडच्या मुलांसाठी डिक्टेशन भरलं. सगळ्यांवर माझाच आवाज आहे: महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. तुझ्याकडच्या कॅसेटवर भांडण आहे तेवढंच उरलं.

माझं तोंड पाहूनच माय समजली. जेवत नाही. मी यांचा आवाज मारला, एवढंच म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. आबांना आता पेज गिळतानाही दुखतं, बोलायला पूर्ण बंदी आहे. डिस्क सिदूमामाबरोबर पाठवतेय. काहीतरी कर, मला फार भीती वाटते.

तुझी
उज्ज्वला


पुणे,
१५ ऑक्टोबर २०००

चि. उज्ज्वलास आशीर्वाद.

डिस्क आतून खरवडली गेलीय. दोन जाणकारांना दाखवली, दोघांनीही हात वर केले. काही निघणार नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मायचा राग आला. मग कळलं की दिवा मी काढला, पंखा मी काढला, नक्कल ठेवायच्या दुसऱ्या डिस्कचे पैसे मी वाचवले आणि कॅसेटी पुसायलाही मीच लावल्या. तिला कुणी काही बोलू नका.

पण औरंगाबादला निघण्याआधी आबांना एकदा विनव. गोष्ट नको, नुसती हाळी चालेल. नवी कॅसेट आण. माझं एवढं ऐक, मी रजेसाठी मालकाच्या पाया पडतोय.

तुझा
दादा


नेकनूर,
१२ नोव्हेंबर २०००

चि. अंगदास आबाचा आशीर्वाद.

तू दवाखान्यात नुसता माझा हात धरून बसलास. मलाबी तवा लिहायचं बळ न्हवतं. आता बोलता येत न्हाई म्हणून लिहितो. चौथी शिकलो त्याचा आज उपयोग. नळी बसवलीय, जखम भरतीय, शेळ्या बऱ्या हायेत. हाळी घालता येत न्हाई म्हणून काठी पत्र्यावर वाजवतो, त्या येतात, पण लई विचार करून येतात.

तू उज्ज्वलाला लिवलं व्हतं तसं तिनं निघायच्या आदल्या सांजंला टेप लावला. लई रडून म्हणाली, आबा, एक हाळी. डॉक्टर न्हाई म्हणत व्हता, पन माझ्यात थोडं बोलणं शिल्लक व्हतं. मी तिला टेप बंद करायला लावला आन् बाहेर पाठवलं. तुझ्या मायला आत बसवलं. व्हतं तेवढं तिच्याशी बोललो. काय बोललो ते तुला सांगणार न्हाई, ते आमा दोघांचं. पन त्या सांजंला तिनं भाकर खाल्ली.

तुमी राग धरू नका. माझा आवाज तुमाला पाहिजे व्हता, खरं हाय. पन त्यापायी तुमी तिला अंगणात बसवलं. आत असती तर डबा चालू हाय का बंद तिला कळलं असतं. चूक तिची न्हाई.

उज्ज्वला म्हणती, तू नवा डबा करतोस, दोन डिस्का घालून. कर. दिवा काढू नको. डबा आला की तुझ्या मायला त्याच्यापुढं बसवा आन् धारूरच्या बाजाराची गोष्ट सांगाय लावा. तिच्या म्हणण्यापरमाणं तो बाजार दुसराच व्हता. सगळं बोलू दे, मला ऐकायचंय. आता मला मधी बोलता येत न्हाई, तवा आवाज लई स्वच्छ येईल.

माया हाय तशीच हाय, कमी समजू नको.

तुझा आबा
गहिनीनाथ