सोडून दिलेलं टोक

आई, लक्ष्मीबाई नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमागे हिरवळीच्या कडेने उभ्या रोवलेल्या विटांची रांग होती. तुझ्या बालवाडीतली मुलं रोज सकाळी तिच्यावरून अनवाणी चालायची. तू कुणाचाच हात धरत नसायचीस. जुन्या साडीचा पदर फाडून ठेवला होतास, त्याचं एक टोक मुलाच्या मुठीत, दुसरं तुझ्या. अर्ध्या वाटेवर तू तुझं टोक हळूच सोडायचीस आणि मूल तसंच चालत राहायचं, मागे कापड लोळत. रांग संपली की तू म्हणायचीस, "चलो, अब मारो उडी." बंगाली, तमिळ, पंजाबी, सगळ्या घरांतली मुलं 'उडी' म्हणायला तुझ्याकडेच शिकली. माझी पाळी आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. टोक जमिनीवर होतं. मी पडले. दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना तू म्हणालीस, "मागे कशाला बघितलंस? छान चालत होतीस की." मी म्हटलं, सांगून सोडायचं ना. "सांगून सोडलं तर कुणी चालेल का?" एवढंच बोलून तू पोळी उलटलीस.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी मला गुडगावात एका नर्सरी शाळेत नोकरी मिळाली. शेतं जाऊन तिथे उंच इमारती उभ्या राहत होत्या. मुलांचे आईवडील सगळ्यात आधी विचारायचे, कॉम्प्युटर आहे ना? माझ्या वर्गात एक मुलगी होती, तीन वर्षांची. घरून लिफ्टने खाली, तिथून गाडीत, गाडीतून माझ्या वर्गात. दाराची एक पायरी आली की ती थांबते आणि दोन्ही हात वर करते. पाय खाली कसा टाकायचा हेच तिला माहीत नाही. तिची आया हसून म्हणाली, "बेबी को चलने की ज़रूरत ही क्या है, मैं हूँ ना." मी मागच्या अंगणात विटा मांडल्या आणि माझी एक ओढणी फाडली. आधी ती विटेवर नुसती उभी राहायला शिकली, मग चालायला. रोज बजावायची, "छोड़ना मत, मैडम."

एक दिवस मी सोडलं. तिला कळलं नाही. ती शेवटच्या विटेपर्यंत गेली, गुडघे वाकवले, हात मागे नेले. तेवढ्यात तिला न्यायला लवकर आलेले वडील फाटकातून ओरडले, "अरे, गिरेगी!" तिने मागे पाहिलं आणि पडली. खरचटलं होतं थोडंसं. वडील वाईट नव्हते. आपल्या टायने तिचा गुडघा पुसत होते. म्हणाले, "मैडम, हम पढ़ने भेजते हैं. ये सब तो गाँव में भी हो जाता." दुसऱ्या दिवशी माळ्याने विटा उचलल्या. महिनाभरात अंगणात फरशी बसली आणि शाळेच्या मालकीणबाईंची गाडी तिथे उभी राहू लागली. मी विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, "छोड़िए ना, दीदी. पेरेंट्स को यही चाहिए." मुलगी वर्ष संपेपर्यंत पायरीशी थांबून हात वर करत राहिली. मग मोठ्या शाळेत गेली. त्यानंतर तिथे कुणी विटांवरून चाललं नाही. तुझं काम कुणीतरी पुढे नेईल असं मला वाटायचं. कुणी नेलं नाही. माझ्याकडूनही झालं नाही.

आपली क्वार्टर आता पाडली आहे, विटांची ती रांगही गेली. हे पत्र कुठे टाकणार? ओढणीच्या त्या तुकड्याबरोबर कपाटात राहील. माझेही गुडघे गेलेत. मेट्रोच्या जिन्यावरून उतरताना अंगावरच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरते. तू एका सकाळी न सांगताच गेलीस. लोकांना वाटतं मी सावरले, चालतेय. तुला म्हणून सांगते, मी अजून मागे वळून बघते.